दिवाळीनंतर गाव सोडणारी मुलं : अंगणवाडी, दवाखाना आणि प्रकल्प कार्यालय जोडायचं कुणी?

सिपनाकाठ | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात नऊ वर्षं एका छोट्या संस्थेत काम करते. कागदावर माझा हुद्दा 'समन्वयक' आहे. प्रत्यक्षात अंगणवाडी, उपकेंद्र, प्रकल्प कार्यालय आणि मुलाचं घर अशा चार ठिकाणी माझ्या चकरा चालू असतात. आज हा धागा काढतेय, कारण सोयाबीनची कापणी संपत आली आहे आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमची निम्मी गावं रिकामी होतील. कुणी परतवाड्याकडे, कुणी अकोल्याकडे, कुणी मध्य प्रदेशात. वीटभट्टी, बांधकाम, हरभऱ्याची सोंगणी. परत येतील होळीला.

मेळघाटात योजनांचा दुष्काळ नाही, हे आधी सांगते. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं की इथं काहीच पोहोचलं नाही. खरं तर १९७५ ची एकात्मिक बालविकास योजना आहे. १९९५ पासून नवसंजीवनी योजना आहे, आणि तिचा हेतूच मुळी आरोग्य, पोषण, धान्य आणि रोजगार हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली एकत्र आणण्याचा होता. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि लहान मुलांना अंडी-केळी देणारी अमृत आहार योजना आहे. बाळंतपणाआधी येऊन राहायला दवाखान्याच्या आवारात माहेरघर आहे. पाड्यांवर फिरणारं डॉक्टरांचं भरारी पथक आहे, आशा आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहे.

आता एका मुलीचं सांगते. तिला इथं चिमी म्हणू. चौदा महिन्यांची होती. अंगणवाडीत दंडघेर मोजला, पट्टी लाल रंगात गेली. सेविकाताईंनी पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं ठरवलं. तिथं आईनं जवळपास दोन आठवडे राहायचं असतं. घरी आणखी दोन लेकरं, नवरा आधीच कामावर गेलेला. बुडीत मजुरी मिळते, पण नंतर मिळते, आणि त्या दोन लेकरांना कोण बघणार याचं उत्तर त्या पैशात नाही. तरी ती गेली. सहाव्या दिवशी परत आली. दवाखान्याच्या कागदावर मुलीचं नाव वेगळं लिहिलं गेलं, कारण आईनं घरात हाक मारतात ते नाव सांगितलं. अंगणवाडीच्या नोंदीत नाव वेगळं. त्यामुळे 'तुमची मुलगी अर्ध्या उपचारातून घरी आली' हा निरोप गावात आलाच नाही. दहा दिवसांनी घराला कुलूप. होळीला परत आली तेव्हा वजन गेल्या वेळेपेक्षाही कमी होतं.

यात कुणी काम टाळलं का? नाही. सेविकेनं मोजलं, आशानं सोबत केली, डॉक्टरांनी दाखल केलं. प्रत्येकानं आपल्या रजिस्टरमधला रकाना भरला. त्या तीन रजिस्टरांतून एक मूल निसटलं.

माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या भागात मुलाच्या बाजूनं हे सगळं जोडणारं कुणी आहे का? आम्ही या वर्षी गाव सोडणाऱ्या प्रत्येक मुलासोबत एक कार्ड द्यायचा विचार करतोय. त्यावर वजन, दंडघेर, लस, कुठल्या अंगणवाडीचं मूल आणि सेविकेचा फोन. जे तिकडं असतील त्यांनी ते बघून पुढचं करावं. हे चालेल का? आधी कुणी केलंय का?

---

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री १०:०२

ताई, मी नंदुरबारकडे अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. तुमचं लिहिणं अगदी पटलं, पण कार्डाला माझा विरोध आहे. स्पष्ट बोलते, राग मानू नका.

आमच्या सेविकेकडे आधीच किती कागद आहेत ते मोजा. हजेरी, आहार वाटप, वजन-उंची, गृहभेटी, गरोदर मातांची यादी, किशोरींची यादी, आणि हे सगळं पुन्हा मोबाईलवर. २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते, ते हौसेनं नव्हते केले. फोन जुने झाले होते आणि ॲप इंग्रजीत होतं. त्यात कुणीतरी चांगल्या मनाची संस्था येते आणि म्हणते, 'एवढं एकच कार्ड भरा.' दर वर्षी एक नवं 'एवढं एकच'.

आणि दुसरी गोष्ट. आमच्याकडून ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथली सेविका मराठी कार्ड वाचणार आहे का?

---

भरारी_७ | सोमवार, रात्री ११:३५

मी बऱ्याच वर्षांपूर्वी भरारी पथकात वैद्यकीय अधिकारी होतो. आता शहरात आहे, पण ते दिवस डोक्यातून जात नाहीत.

एक गोष्ट तेव्हा कळायला मला दोन वर्षं लागली, ती सांगतो. आमच्या पाड्यांवर पावसाळ्यात बरीच बाळंतपणं व्हायची. जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल सहा महिन्यांचं कधी होतं? जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे आईच्या दुधाला जोड म्हणून वरचं अन्न सुरू करायची वेळ येते, नेमकं तेव्हाच ते मूल कुठल्यातरी भट्टीवर ताडपत्रीच्या खोपटात असतं. आई दिवसभर माती तुडवते, सांभाळायला सात वर्षांची बहीण. डाळ शिजवायला वेळ नाही, भांडं नाही, कधी कधी डाळच नाही. मार्चमध्ये ते मूल गावी येतं तेव्हा सात-आठ महिन्यांचं असतं आणि घसरलेलं असतं. मग उन्हाळा, जुलाब, पुन्हा पावसाळा. आपण जुलै-ऑगस्टमध्ये मृत्यू मोजतो आणि पावसाला दोष देतो. त्याचं मूळ फेब्रुवारीत असतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यातून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, ते काम १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात गेलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाच्या सहा भेटी, ४२ दिवसांपर्यंत. नंतर २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात भेटी. वेळापत्रक शास्त्रशुद्ध आहे. पण ते घरी असलेल्या मुलासाठी आहे. सहाव्या महिन्याची भेट द्यायला आशा जाते तेव्हा दाराला कुलूप असतं.

म्हणून कार्ड असो नसो, मी आधी एक यादी करीन. दिवाळी ते होळी या काळात सहा महिने पूर्ण करणारी मुलं कोणती? एका गावात ती चार-पाचच निघतील. तेवढ्यांच्या आयांशी निघायच्या आधी बसून बोला. सगळ्या गावाचं समन्वयन एकदम करायला जाऊ नका.

---

सिपनाकाठ | मंगळवार, सकाळी ७:२०

डॉक्टर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. मी लगेच चिमीची जन्मतारीख काढून बघितली. ऑगस्ट.

पाटीपेन्सिल ताई, राग कसला. तुम्ही म्हणता ते मी रोज बघते. कार्ड सेविकेनं भरावं असं माझं म्हणणं नाही, ते आम्ही भरू. पण गुजरातेतल्या सेविकेचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. तुमची अडचण मध्य प्रदेशात जाणाऱ्यांना येणार नाही, तिकडं लिपी एकच आहे. आकडे तर कुणालाही वाचता येतील.

---

गुलमोहर_पुणे | मंगळवार, सकाळी ९:४८

शहरातली वाचक आहे. 'पट्टी लाल रंगात गेली' म्हणजे काय? आणि कमी वजन आणि कुपोषण हे एकच ना?

---

भरारी_७ | मंगळवार, सकाळी १०:१५

चांगला प्रश्न. दंडघेर म्हणजे मुलाच्या दंडाचा घेर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित. तिथं पट्टीवर लाल रंग असतो. कमी वजन आणि हे तीव्र कुपोषण एक नाही. वयाच्या मानानं वजन कमी असलेलं मूल बुटकं असेल, पण उंचीच्या मानानं ठीक असू शकतं. अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्यावरचं 'तीव्र कमी वजन' आणि दवाखान्यातलं 'सॅम' यांच्या याद्या त्यामुळे जुळत नाहीत, आणि बैठकीत दोन विभाग एकमेकांवर आकडे लपवल्याचा आरोप करतात. दोघंही खरं बोलत असतात.

---

तानसा | मंगळवार, दुपारी १:३०

मी दुसऱ्या टोकाला आहे. मेळघाटची मंडळी नव्हे, पण जव्हार-मोखाड्याचे कातकरी आणि वारली जिथं येतात त्या भिवंडी-वसई पट्ट्यात. आम्ही काही जण भट्ट्यांवर मुलांसाठी सकाळची शाळा चालवतो.

आमच्याकडची आठवण सगळ्या महाराष्ट्राला आहे. १९९२-९३ मध्ये जव्हारकडच्या वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं दगावली तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. कार्यालयं जवळ आली, ते चांगलंच झालं. पण भट्टी कुठल्या हद्दीत आहे त्याला महत्त्व उरतंच.

माझा अनुभव असा. भट्टीपासून एक किलोमीटरवर अंगणवाडी होती. मी तिथं सहा मुलं घेऊन गेलो. बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, 'ही माझ्या लोकसंख्येत नाहीत, आहार पटानुसार येतो.' खोटं नव्हतं ते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क आहे. तिथं 'या गावचं मूल' अशी अट नाही. मी कायद्याची प्रत दाखवली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि मला विचारलं, 'यांचा शिधा मला कोण देणार ते सांगा.'

तेव्हा मला उमगलं की बाईंशी भांडून उपयोग नाही. त्यांच्या पर्यवेक्षिकेकडे गेलो आणि सहा मुलं तात्पुरती पटावर घ्यायला लावली. मोबाईलमध्ये स्थलांतरित मुलाची नोंद करता येते, फक्त कुणीतरी ती करायला हवी. पुढच्या महिन्यापासून मुलं जेवू लागली. सगळ्याला तीन आठवडे लागले. मूल भट्टीवर असतं चार-पाच महिने.

तर ताई, कार्डापेक्षा मला काय हवं ते सांगतो. लोक निघायच्या आधी फोन. 'अमुक मुकादमाबरोबर एवढी घरं निघाली, त्यात सहा वर्षांखालची इतकी मुलं, एक बाई सातव्या महिन्यात.' मुकादमाला सगळं माहीत असतं. कुठल्या मालकाकडे, किती जोड्या, किती उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिली. आपण कार्यालयांत विचारत बसतो, त्याला विचारत नाही.

---

लालनदी | मंगळवार, रात्री ११:५० (विनिपेगहून)

मी मूळची सोलापूरची, कॅनडात मॅनिटोबा प्रांतात फिजिओथेरपिस्ट आहे. इथले आदिम रहिवासी, फर्स्ट नेशन्स, त्यांच्या मुलांसोबत माझं काम असतं. चिमीचं वाचून मला जॉर्डन आठवला. त्याची गोष्ट इथं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नावानिशी सांगते.

जॉर्डन रिव्हर अँडरसन, नॉर्वे हाउस क्री नेशनचा. १९९९ मध्ये जन्मला, गुंतागुंतीचा आजार घेऊन. जन्मापासून विनिपेगच्या रुग्णालयात. दोन वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता घरी राहू शकतो. पण घरी लागणाऱ्या सेवेचा खर्च कुणी करायचा? आदिवासी म्हणून तो केंद्राचा, आरोग्य म्हणून प्रांताचा. दोन सरकारं वाद घालत राहिली. २००५ मध्ये तो पाच वर्षांचा असताना रुग्णालयातच वारला. घरात एक दिवसही राहिला नाही.

२००७ मध्ये इथल्या संसदेनं त्याच्या नावाचं तत्त्व एकमतानं मान्य केलं. ज्या खात्याकडे आधी विचारणा होईल त्यानं सेवा द्यायची, खर्चाचा हिशोब खात्यांनी मागाहून आपसांत करायचा. मान्य केलं, पण पाळलं नाही. २०१६ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणानं सरकार फर्स्ट नेशन्स मुलांशी भेदभाव करतं असा निकाल दिला, तेव्हा कुठं यंत्रणा हलू लागली. आता बऱ्याच वस्त्यांत त्यांचाच माणूस सेवा-समन्वयक म्हणून असतो. आईनं त्याच्याकडे जायचं, आणि दहा दारं त्यानं ठोठवायची. अजूनही अर्ज अडकतात, इथं सगळं सुरळीत आहे असं मी म्हणणार नाही.

एक सावधगिरीही सांगते. इथं 'मुलांच्या भल्यासाठी' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लेकरं आयांपासून तोडली गेली, आधी निवासी शाळांत, मग परक्या घरांत. त्यामुळे एखादी सरकारी बाई मुलाची चौकशी करत आली की आजी दार लावून घेते. २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानं बालसेवांचा कारभार आपल्या हाती घ्यायचा या समाजांचा अधिकार मान्य केला. सगळ्या खात्यांना माहिती जोडून देताना ती माहिती कुणाच्या हातात जाते, हे विचारा.

---

कोरकू_पोऱ्या | बुधवार, सकाळी ८:०५

मी चिखलदऱ्याचा कोरकू आहे. आश्रमशाळेत शिकलो, आता पुण्यात नोकरी करतो. लालनदी ताईंचा शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला.

आमच्या आया दवाखान्यातून पळून येतात, असं बैठकांत बोललं जातं. मी लहान असताना माझ्या धाकट्या भावाला दाखल केलं होतं. आईला मराठी समजायचं नाही. सकाळी एक बाई येऊन काहीतरी जोरात बोलून जायची. आईला वाटायचं, आपण काही चुकलो म्हणून रागावतात. त्या बहुधा दुधाची वेळ सांगत असाव्यात. चौथ्या रात्री आई भावाला उचलून निघाली. याला 'पळून जाणं' म्हणतात.

कोरकू मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली वेगळी भाषा आहे, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. 'थोडं हळू बोललं की समजेल' असं नसतं.

भुमक्याबद्दलही, म्हणजे आमच्या गावच्या वैदूबद्दलही, तसंच. पोटावर चटके देणं चूकच, माझ्याही पोटावर खुणा आहेत. पण मूल आजारी पडलं की आई पहिल्यांदा त्याच्याकडे जाते, कारण तो रात्री उठतो, तिच्या भाषेत बोलतो आणि तिला ओरडत नाही. जोडायचंच असेल तर त्यालाही जोडा. तो म्हणाला 'दवाखान्यात ने' तर बाई नेते. मी पाहिलंय.

सिपनाकाठ ताई, कार्ड करा, पण आईला ते काय आहे ते कोरकूत सांगा, आणि ते तिच्याकडेच राहू द्या. मुकादमाकडे देऊ नका. उचल घेतलेल्या माणसाचे कागद मुकादमाकडे राहिले की काय होतं ते माझ्या काकाला विचारा.

---

तानसा | बुधवार, सकाळी ९:१२

कोरकू_पोऱ्या, बरोबर. मुकादमाकडून माहिती घ्यायची, त्याला कागद द्यायचा नाही. माझ्या बोलण्यात ते सुटलं होतं.

---

इंद्रावतीपार | बुधवार, दुपारी ४:४०

गडचिरोलीतून. आमच्याकडे एवढं स्थलांतर नाही, पण मे महिन्यात तेंदूपत्ता लागला की सगळं घर पहाटे तीनला जंगलात, आणि अंगणवाडी उघडते दहाला. लहान मुलं बांबूच्या झोळीत. आमच्या ग्रामसभेनं तीन हंगामांपूर्वी ठरवलं की फळीजवळ, म्हणजे पानं जमा करतात तिथं, दोन म्हाताऱ्या आणि सेविकाताई बसतील आणि मुलांचं जेवण तिथंच शिजेल. मानधन ग्रामसभेनं तेंदूच्या पैशातून दिलं.

सांगायचं असं की अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट येतो. बहुतेक ठिकाणी तो समाजमंदिर आणि रस्त्यात जातो. तुमच्या ग्रामसभेनं ठरवलं तर त्यातून गावातलीच एक दहावी-बारावी झालेली मुलगी नेमता येईल का, ते बघा. तिचं काम एकच, गावातलं कुठलं मूल आज कुठं आहे हे माहीत असणं. ती तुमच्या संस्थेची नको, खात्याचीही नको. ग्रामसभेला उत्तर देणारी हवी. माहिती कुणाच्या हातात, या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री ९:५५

दोन दिवस सगळं वाचत होते. माझा विरोध थोडा मागे घेते.

नवं कार्ड नको, हे अजूनही म्हणेन. पण प्रत्येक आईकडे माता-बाल संरक्षण कार्ड असतं. ते बायका जपतात, पिशवीत घालून छपराला टांगतात. त्यात वाढीचा तक्ता आहे, लसींचं पान आहे. राज्याबाहेरच्या सिस्टरलाही त्याची मांडणी ओळखीची असते. त्याच्या आतल्या बाजूला तुमची एक चिठ्ठी चिकटवा. चारच ओळी. मोठ्या आकड्यांत दंडघेर आणि तारीख, गावाचं आणि अंगणवाडीचं नाव, फोन, आणि मूल सध्या कोणत्या उपचारावर आहे ते. आणि नाव लिहिताना दोन्ही लिहा, घरातलं आणि कागदावरचं. चिमी त्यामुळेच हरवली ना.

अजून एक, जे बैठकीत बोलता येत नाही. आमच्या सेविकांनी अमृत आहाराचे पैसे यायला उशीर झाला म्हणून दुकानातून महिनोन्‌महिने उधारीवर डाळ-तेल आणलेलं मी पाहिलंय. पैसा आदिवासी विकासचा, राबवणार आमचं खातं, आणि मधल्या वाटेत दुकानदार विचारतो सेविकेला. जॉर्डनचं वाचून मला तेच वाटलं. त्याच्याकडे निदान दोन सरकारं भांडत होती. आमच्याकडे भांडायलाही कुणी नसतं, सेविका गुपचूप स्वतःचे पैसे घालते.

---

सिपनाकाठ | रविवार, रात्री ८:३०

उशीर झाला, गावात रेंज नव्हती.

काय झालं ते लिहिते. डॉक्टरांनी सांगितली तशी यादी केली. आमच्या तीन गावांत दिवाळी ते होळीमध्ये सहा महिने पूर्ण करणारी अकरा मुलं निघाली. त्यांतल्या आठ घरांनी उचल घेतली आहे. दोन घरांतल्या आज्या मागे राहणार आहेत. एका घरात सून आणि बाळ दोघंही आजीजवळ राहतील असं ठरलं, आम्ही काही न म्हणता. फक्त सहाव्या महिन्याचं बोलणं कोरकूत झालं, आशाताईंनी केलं, आणि सासू म्हणाली, 'मग हिला कशाला नेता?'

चिठ्ठी पाटीपेन्सिल ताई म्हणाल्या तशीच केली. दोन्ही नावं. भुमक्याच्या घरीही जाऊन आले. त्यानं एक चिठ्ठी मागून घेतली आणि सगळी ओळ न ओळ वाचून घेतली माझ्याकडून.

ग्रामसभेत पाच टक्क्यांचा विषय काढला. या वेळी ठराव झाला नाही. निधी रस्त्याच्या कामात गेला आहे. पुढच्या आराखड्यात घ्यायचं म्हणाले, आणि दोन बायकांनी आत्ताच मुलीचं नावही सुचवलं. इंद्रावतीपार दादा, तुमच्या ठरावाची भाषा मला व्यक्तिगत निरोपात पाठवाल का?

आठांपैकी पाच घरं परतवाड्याजवळच्या एकाच भट्टीवर जाणार आहेत. मुकादमाकडून पत्ता मिळाला. चिमीचं घरही त्यातच. ती आता तीन वर्षांची आहे आणि तिला पाच महिन्यांचा भाऊ आहे.

काल तिच्या आईच्या कार्डात चिठ्ठी चिकटवली. तिनं बोट ठेवून विचारलं, 'तिथल्या बाईला हे दाखवलं तर ती पोरांना आत घेईल ना?' मी हो म्हणाले आहे. म्हणून उद्या सकाळच्या बसनं आधी मीच परतवाड्याला जाऊन त्या अंगणवाडीच्या ताईंना आणि त्यांच्या पर्यवेक्षिकेला भेटून येतेय. त्या भागात कुणी ओळखीचं असेल तर आज रात्रीच कळवा.